तिघांची मसलत

१ जून १७९०. तुम्ही पुण्यात आहात. उकाडा मी म्हणतोय, शनिवारवाड्यासमोर स्वारांची वर्दळ आहे आणि कारकुनांच्या घोळक्यात तुमच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहतो. नाना फडणवीस आणि तो यांच्यात बहिरोपंत मेहेंदळे खेपा घालताहेत. आज त्या खेपांना फळ येतंय. पेशवे आणि कंपनी यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध करार होतोय. महिनाभरात, ४ जुलैला, निजामही पानगलच्या मुक्कामी असाच करार करील.

कराराची नक्कल तुमच्या हाती येते. कलमं वाचा. पेशवे आणि निजाम यांनी प्रत्येकी पंचवीस हजारांची फौज मैदानात उतरवायची. इंग्रजांना गरज पडली तर दहा हजार घोडदळ त्यांच्या सैन्याबरोबर द्यायचं. इंग्रजांच्या दोन पलटणी मराठी फौजेसोबत राहतील. जिंकलेला मुलूख तिघांत सारखा वाटायचा. एकट्याने परस्पर तह करायचा नाही. आणि तहानंतर टिपू पुन्हा कुणावर चालून गेला, तर ज्याच्यावर तो गेला त्याच्या मदतीला बाकीच्यांनी यायचं. ते कसं आणि कोणत्या अटींवर, हे पुढे ठरवू.

या शेवटच्या कलमावर बोट ठेवून थांबा. किती घोडे, किती पलटणी, सारं आकड्यांत बांधलं आहे. लढाई संपल्यावर एकमेकांचं काय लागतं, हे मात्र पुढे ठरवायचं आहे.

घाई का आहे, ते बाहेरच्या कुजबुजीतून कळतं. डिसेंबरअखेर टिपू त्रावणकोरच्या तटबंदीवर चालून गेला. त्रावणकोरचा राजा इंग्रजांचा मित्र. तीन वर्षांपूर्वी, नाना आणि निजाम टिपूशी लढत होते तेव्हा, हेच इंग्रज अंग चोरून बसले होते. तेव्हा मराठ्यांना गजेंद्रगडचा तह इंग्रजांविना निभवावा लागला. आता गरज इंग्रजांची आहे. नाना मागचं विसरलेले नाहीत. टिपूचे वकीलही अजून पुण्यातच आहेत आणि नाना त्यांच्याशी बोलणं तोडत नाहीत. मॅलेटला हे खुपतं. तुम्ही मात्र नानांच्या जागी बसून विचार करा. ज्याच्यावर उद्या चालून जायचं, त्याच्याच दौलतीने परवा आपला मित्र किती मोठा होईल, हे तोलणं त्यांचं कामच आहे.

आता वर्षभर पुढे चला.

२६ मे १७९१. म्हैसूरचा मुलूख. पाऊस वेळेआधीच कोसळला आहे. तुम्ही इंग्रजी फौजेत आहात आणि फौज श्रीरंगपट्टणकडे पाठ फिरवून माघारी निघाली आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बंगळूर घेतलं, १५ मे रोजी अरिकेरेला टिपूला मागे रेटलं, राजधानी दृष्टिपथात आणली आणि तिथेच त्याचं बळ संपलं. धान्य नाही. तोफा ओढणारे बैल चिखलात मरून पडले आहेत आणि छावणीमागची माणसं त्यांचंच मांस खाताहेत. तटबंदी फोडायच्या अवजड तोफा कॉर्नवॉलिसने स्वतःच्या हातांनी निकामी करून टाकल्या आहेत.

एवढ्यात बाजूने स्वार दिसतात. टिपूचेच असणार, म्हणून सगळे सावध होतात. पण ते मराठे निघतात! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज मागून येते आहे. इतक्या जवळ असून दोन्ही सैन्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, कारण टिपूच्या हलक्या घोडदळाने दोन्हीकडचे जासूद वाटेतच कापून काढले होते. चार दिवस आधी एक चिठ्ठी पोचली असती, तर त्या तोफा वाचल्या असत्या.

सैनिकांबरोबर मराठ्यांच्या बाजारात शिरा. इंग्रजी छावणीत नजरेला पडत नाही ते इथे आहे. धान्याच्या गोण्या, बनात, काश्मिरी शाली, बर्मिंगहॅमचे चाकू, सराफांच्या पेढ्या. भाव चढे आहेत. तरी उपाशी शिपाई हातातलं असेल ते देऊन धान्य घेतो. त्या संध्याकाळी ही फौज कलमांवर जगत नाही, दोस्ताच्या धान्यावर जगते.

मग रागही उसळतो. मराठे इतके उशिरा का? इंग्रज अधिकाऱ्यांच्या तंबूंत हाच प्रश्न आहे. उत्तर धारवाडला आहे. भाऊंनी सप्टेंबरमध्ये त्या किल्ल्याला वेढा घातला. कॅप्टन लिटलच्या पलटणी सोबत होत्या, पण अवजड तोफा आणि दारूगोळा पुरा पडत नव्हता आणि आत बद्रुझ्झमान खान चिवटपणे लढत होता. किल्ला हाती आला तो एप्रिलमध्ये. मराठ्यांचा जीव तुंगभद्रेपर्यंतच्या मुलुखात गुंतला होता. हैदर आणि टिपू यांनी तो बळकावला होता. कॉर्नवॉलिसचं सगळं लक्ष श्रीरंगपट्टणवर होतं. करार एकच, पण एकाच नावाखाली दोन लढाया चालल्या होत्या, आणि कुणाची लढाई आधी, हे पुण्याच्या कागदात लिहिलेलंच नव्हतं.

आता मात्र मसलत समोरासमोर होते. हरिपंत आधी पैसा मागतात. कॉर्नवॉलिस चीनच्या व्यापारासाठी मद्रासच्या बंदरात आलेल्या जहाजांवरची चांदी वळवून मराठ्यांना बारा लाखांचं कर्ज देतो. निखळ गरजेतून आलेला हा व्यवहार मला त्या साऱ्या युद्धातला सर्वांत प्रामाणिक संवाद वाटतो. एकाकडे धान्य होतं, दुसऱ्याकडे चांदी, आणि दोघांनीही आपली अडचण झाकली नाही.

फेब्रुवारी १७९२. पुन्हा श्रीरंगपट्टण. ६ तारखेच्या रात्री कॉर्नवॉलिसने टिपूची बाहेरची छावणी मोडली. परशुरामभाऊ त्या वेळी तिथे नव्हते. ठरलेला बेत बाजूला ठेवून ते शिमोगा आणि बिदनूरच्या बाजूला वळले होते. आता बोलण्यांसाठी तंबू उभे आहेत आणि तुम्ही कनातीशी उभे आहात. आत इंग्रजांच्या वतीने सर जॉन केनवे, निजामाकडून मीर आलम आणि हरिपंतांचे वकील आहेत. समोर टिपूचे गुलाम अली खान आणि अली रझा खान. गुलाम अली कॉन्स्टँटिनोपलपर्यंत वकिलात करून आलेला माणूस आहे. समोरच्या तिघांत फट कुठे आहे, हे तो पारखून घेत असणार.

फट आहे. पुण्याला टिपू दुबळा हवा आहे, नाहीसा नको. तो उरला तर इंग्रजांना दक्षिणेत तोलायला कुणीतरी उरतं. १८ मार्चला तह पक्का होतो. टिपूचं निम्मं राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून त्याचे दोन लहान मुलगे. तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मराठ्यांना मिळतो. कुर्ग इंग्रज आपल्या वाट्याला घेतात. त्यावरून टिपू इतका बिथरतो की बोलणी मोडता मोडता राहतात.

तुम्ही तिथेच, त्या विजयाच्या गडबडीत, पुण्याच्या कागदातलं ते शेवटचं कलम आठवा. कॉर्नवॉलिसला ते आता भरायचं होतं. तिघांनी मिळून या वाटणीची हमी घ्यावी, असा करार त्याने पुढे केला. नानांनी दुरुस्त्या सुचवल्या, म्हैसूरच्या चौथाईचा हक्क पुढे आणला, आणि तो करार झालाच नाही. १७९९ मध्ये इंग्रज पुन्हा श्रीरंगपट्टणवर गेले, टिपू ४ मे रोजी पडला, आणि त्या वेढ्यात पेशव्यांची फौज नव्हती. नाना १३ मार्च १८०० रोजी गेले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची फौज पुण्याची कायमची सोबतीण झाली.

नानांना धोका दिसत नव्हता असं नाही. त्यांच्याइतका तो क्वचितच कुणाला दिसला असेल. पण दिसलेला धोका त्यांनी मनात ठेवला. मित्रापुढे मांडला नाही, आणि आपल्या सरदारांना त्याभोवती एकत्र बांधलं नाही. फौजेचे आकडे ठरवणं सोपं असतं, कारण ते शत्रूबद्दल असतात. अवघड असतं ते जिंकल्यावर आपण दोघं किती उरणार आहोत, हे मित्राच्या तोंडावर विचारणं. हा प्रश्न १७९० मध्ये, इंग्रजांना पुण्याची गरज होती तेव्हाच, विचारायला हवा होता. तेव्हा त्याचं उत्तर मागून घेता आलं असतं. १७९९ नंतर ते फक्त ऐकून घ्यावं लागलं.