ओळखीच्या शब्दांचा चकवा

जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचताना विद्यार्थी अनोळखी शब्दांपाशी अडखळतात. 'बरूश', 'करिकल' ही घोडागाड्यांची नावे किंवा 'एन्टेल' ही वारसाहक्काची अट आली की शब्दकोश उघडला जातो आणि काम भागते. खरा धोका ओळखीच्या शब्दांचा असतो. ते आजही वापरात असल्यामुळे त्यांचा अर्थ तपासून पाहावा असे कोणाच्या मनात येत नाही आणि नेमके तेच वाचकाला चकवा लावतात.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात एलिझाबेथ आपल्या थोरल्या बहिणीच्या 'कँडिड' स्वभावाचे कौतुक करते. आजच्या अर्थाने पाहिले तर जेन रोखठोक बोलणारी ठरते. प्रत्यक्षात तिच्या तोंडून कोणाविषयी वावगा शब्द निघत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'शुभ्र' असा आहे. अठराव्या शतकात 'कँडिड' म्हणजे दुसऱ्याविषयी मनात किल्मिष नसलेला, दोषांकडे काणाडोळा करून गुण पाहणारा. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला जेन उलटीच दिसते.

याच कादंबरीतील 'कॉन्डिसेन्शन' या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. चौदाव्या प्रकरणात पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनची स्तुती करताना हा शब्द वापरतो. बाईंनी त्याला पत्ते खेळायला बोलावले, त्याच्या घरी पायधूळ झाडली, माडीवरच्या कपाटांत फळ्या बसवण्याचीही सूचना केली! आज या शब्दाचा अर्थ 'आपण वरचढ असल्याच्या तोऱ्यात वागणे' असा होतो. मी बरीच वर्षे हा उतारा 'अपमानालाच गौरव समजणारा मूर्ख' अशा थाटात शिकवीत असे. ती माझी चूक होती.

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात हा सद्गुण आहे: श्रेष्ठाने स्वेच्छेने खाली उतरून कनिष्ठांशी बरोबरीने वागणे. ईश्वराने मानवरूप धारण केले त्या कृपेलाही ख्रिस्ती धर्मचिंतनात हाच शब्द लावला जाई. एक धर्मोपदेशक तोच शब्द फळ्यांची सूचना करणाऱ्या बाईंना बहाल करतो, यात ऑस्टिनचा खरा उपहास आहे. कॉलिन्सला शब्दाचा अर्थ नीट ठाऊक आहे. तो शब्द कोणाच्या पायाशी ठेवावा एवढेच त्याला कळत नाही. नव्या अर्थाने वाचले की हा उपहास निसटतो आणि हाती नुसता विदूषक उरतो.

हा सद्गुण पुढे दुर्गुण का झाला? खाली उतरण्याला मोल असते ते वरची पायरी सर्वांनी मान्य केलेली असते तोवर. खालच्याने ती पायरी नाकारली की उपकाराचा अपमान होतो. समतेची कल्पना जसजशी रुजत गेली तसतसा या शब्दाचा मान ओसरत गेला.

कादंबरीचे कथानकही याच वळणाने जाते. चौतिसाव्या प्रकरणात डार्सी एलिझाबेथला लग्नाची मागणी घालतो, तेव्हा आपण किती खाली उतरत आहोत हे तिला ऐकवायला तो विसरत नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे ही कृपा आहे. ती मात्र ती कृपा साफ नाकारते. पुढे छप्पन्नाव्या प्रकरणात खुद्द लेडी कॅथरिनला ती सुनावते की डार्सी सद्गृहस्थ आहे आणि आपण सद्गृहस्थाची कन्या आहोत. तेवढ्यापुरती बरोबरी आहे.

कोशांतून अर्थ पालटायला पुढे बराच काळ जावा लागला, पण तो का पालटला याचे उत्तर एलिझाबेथच्या या दोन नकारांत आहे. म्हणून ओळखीचा शब्द भेटला तरी त्याच्या काळातला कोश एकदा उघडावा. निदान वर्गात शिकवण्यापूर्वी तरी!