विम्पी बार आणि ब्रिटनमधील स्मरणरंजन : पदार्थपत्रिकेच्या आधारे एक विचार

ब्रिटनमधील प्रौढ पिढीच्या बालपणाच्या आठवणींत 'विम्पी बार' या बर्गरगृहाला हळवे स्थान आहे. लाल टोमॅटोच्या आकाराची प्लॅस्टिकची सॉसची बाटली, टेबलाशी येऊन मागणी लिहून घेणारी सेविका, चिनी मातीच्या ताटलीत सुरी-काट्यासह मांडलेला बर्गर आणि आता हसू येईल अशा नावांच्या पदार्थांनी भरलेले मेनूकार्ड, एवढा ऐवज या आठवणींत हमखास असतो. त्यांचा सूरही ठरलेला आहे : अमेरिकन साखळी-उपाहारगृहे आली आणि साधी, आपुलकीची ब्रिटिश खाद्यगृहे लयास गेली. इतिहासाच्या अभ्यासकाने ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. परंतु ती जशीच्या तशी स्वीकारणेही योग्य नाही. आज 'अस्सल ब्रिटिश' म्हणून ज्याचे स्मरण केले जाते, ते विम्पी जन्माने अमेरिकन होते.

एडवर्ड गोल्ड याने १९३४ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन येथे पहिले विम्पी सुरू केले. नाव घेतले ते 'पॉपाय' या चित्रमालिकेतील बर्गरलोभी विम्पी या पात्रावरून. ब्रिटनमध्ये हे नाव आणले जे. लायन्स आणि कंपनीने. १८९४ पासून चहागृहे चालविणारी ही कंपनी मध्यमवर्गीय शहरी जीवनाचा भाग बनलेली होती. काळ्या-पांढऱ्या गणवेशातील तिच्या सेविका 'निपी' या नावाने ओळखल्या जात. कंपनी जुनाट मात्र नव्हती. कार्यालयीन हिशेबांसाठी स्वतःचा 'लिओ' हा संगणक बनवून तिने तो १९५१ सालीच कामाला लावला होता, ही गोष्ट चहा-केकच्या आठवणींत सहसा हरवते.

लायन्सने १९५४ साली लंडनच्या कॉव्हेंट्री स्ट्रीटवरील आपल्या कॉर्नर हाउसमध्ये पहिला विम्पी बार उघडला. हे वर्ष महत्त्वाचे आहे. महायुद्धात, १९४० साली, सुरू झालेले मांसाचे रेशनिंग ४ जुलै १९५४ रोजी संपले. चौदा वर्षे कुपनांवर मोजून मांस मिळालेल्या समाजापुढे भाजलेल्या गोमांसाची वडी घातलेला गोल पाव आला, तो केवळ नवा पदार्थ म्हणून नव्हे, तर टंचाई सरल्याची खूण म्हणून. पुढे फ्रँचायझी पद्धतीने अनेक गावांच्या मुख्य रस्त्यांवर विम्पी बार उघडले गेले. ज्या तरुणांना पबमध्ये प्रवेश नव्हता आणि हॉटेलातील जेवण परवडत नव्हते, त्यांना बसण्यासाठी एक जागा मिळाली.

येथे मेनूकार्ड हे साधन म्हणून उपयोगी पडते. त्यावर बर्गर होता; पण त्याच्या शेजारी अंडे, बेकन, सॉसेज आणि बटाट्याचे चिप्स यांचे भरगच्च 'ग्रिल' होते, चहा होता, आणि शेवटी उंच पेल्यात फळे व आइस्क्रीम यांचे थर रचलेले 'निकरबॉकर ग्लोरी' होते. 'ब्राउन डर्बी' म्हणजे गोल डोनटवर आइस्क्रीम आणि चॉकलेट सॉस. 'बेंडर' या पदार्थात लांबट फ्रँकफर्टर सॉसेजला एका बाजूने चिरा पाडून ते भाजत. त्यामुळे ते वाकून वर्तुळ होई आणि गोल पावात नेमके बसे. समलिंगी पुरुषांना हिणविण्यासाठी हाच शब्द ब्रिटिश बोलीत वापरला जाई, त्यामुळे त्यावरील विनोद आजही आठवणींत येतात. त्या विनोदांचा बोचरेपणा कोणाला सोसावा लागला असेल, याचा उल्लेख क्वचितच होतो. एकंदरीत हे मेनूकार्ड म्हणजे अमेरिकन पदार्थाने ब्रिटिश जेवणाच्या रीतीशी केलेली तडजोड होती. पदार्थ परका, पण बसणे, वाढणे आणि खाणे घरचे.

ही तडजोड त्या काळात सर्वांना सुखावह वाटत नव्हती. रिचर्ड हॉगार्ट यांनी १९५७ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मिल्क बार आणि तेथील ज्यूकबॉक्सभोवती रमणाऱ्या तरुणांवर कडक टीका केली. श्रमिकांची जुनी संस्कृती अमेरिकन झगमगाटापुढे पोकळ होत आहे, अशी त्यांची व्यथा होती. मिल्क बार आणि विम्पी बार एक नव्हेत; तरीही दोन्ही एकाच लाटेची अपत्ये होत. एका पिढीला जो ऱ्हास वाटला, तोच दुसऱ्या पिढीचा हरवलेला ठेवा ठरला.

स्मरणरंजनाची याहून गंभीर उणीव वेगळ्याच ठिकाणी आढळते. १९७१ पर्यंत विम्पीमध्ये मध्यरात्रीनंतर एकट्या स्त्रीला प्रवेश दिला जात नसे. एवढ्या उशिरा पुरुषाच्या सोबतीविना येणारी स्त्री वेश्या असावी, असे गृहीत धरले जाई. पाळी संपवून घरी निघालेली परिचारिका असो वा कार्यालयांची सफाई करणारी कामगार स्त्री, नियम सर्वांना सारखाच. स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्यांनी याविरुद्ध निदर्शने केली. लिंगभेदास प्रतिबंध करणारा कायदा ब्रिटनमध्ये त्यानंतर, १९७५ साली आला. 'सर्वांना सामावून घेणारे गावचे खाद्यगृह' या प्रतिमेत ही हकीकत बसत नाही, म्हणूनच ती वगळली जाते. बालपणी आईवडिलांबरोबर दुपारी तेथे गेलेल्या मुलाला तो नियम ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्याची आठवण खोटी नाही. ती दुपारची आहे इतकेच.

विम्पीच्या पीछेहाटीचा दोष एकट्या मॅक्डोनाल्ड्सला देणेही एकांगी ठरेल. मॅक्डोनाल्ड्सने १९७४ साली लंडनच्या वूलिच भागात ब्रिटनमधील पहिली शाखा उघडली हे खरे, आणि टेबलसेवेपेक्षा काउंटरवरील विक्री झपाट्याची व किफायतशीर होती हेही खरे. तथापि, त्याच दशकात लायन्स कर्जबाजारी झाली आणि तिने विम्पी युनायटेड बिस्किट्सला विकले. नव्या मालकांनी स्वतःच काउंटरसेवेच्या शाखा काढल्या. १९८९ मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटनने विम्पी घेतले. बर्गर किंग तिच्याच मालकीचे असल्याने काउंटरसेवेच्या शाखा बर्गर किंगमध्ये रूपांतरित होऊ लागल्या. टेबलसेवेच्या शाखा १९९० मध्ये व्यवस्थापकांनीच विकत घेतल्या. बाजाराच्या दृष्टीने मागे पडलेला भाग अशा रीतीने वेगळा निघाला, आणि जुनी ताटली व जुने मेनूकार्ड टिकले ते त्यामुळेच.

अमेरिकेतील मूळ विम्पी गोल्डच्या मृत्यूनंतर १९७८ च्या सुमारास नामशेष झाले. ब्रिटनमधील विम्पीची मालकी २००७ पासून फेमस ब्रँड्स या दक्षिण आफ्रिकी कंपनीकडे आहे. शाखांची संख्या आता शंभराच्या आत आली असली, तरी बेंडर आणि ब्राउन डर्बी अजून मेनूकार्डावर आहेत.