शेण तेवढं आपलं

आजी नवी नवरी होऊन आमच्या करवीर तालुक्यातल्या गावात आली, तेव्हा घरचं दूध विकणं कमीपणाचं मानत. "दूध इकायचं न्हाई, तूप इकायचं," हा तिच्या सासूचा दंडक. विरजायचं, घुसळायचं, ताक गल्लीत फुकट वाटायचं आणि कढवलेलं तूप बाजारच्या दिवशी व्यापाऱ्याच्या डब्यात ओतायचं. भाव त्याचा, मापही त्याचंच. कोल्हापूरलगतची माणसं मात्र थेट गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी नेत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. आजीला त्यांचा हेवा वाटे.

1963 साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, म्हणजे आजचं 'गोकुळ', उभा राहिला. हळूहळू गावोगाव संस्था निघाल्या आणि दंडक मोडला. आजीच्या डोळ्यांत खुपलं ते नमुन्याचं दूध. काचेच्या नळीत आम्ल, त्यावर मोजून दूध. मग नळ्या यंत्रात घालून दांडा गरागरा फिरवायचा आणि किती फॅट लागली ते सांगायचं. नमुन्यातलं उरलेलं संस्थेचं. "पळी पळी करून वर्साला घागर झाली की रं!" हा तिचा हिशेब. तो चुकीचाही नव्हता. तरी दर दहा दिवसांनी बिल तिच्या हातात पडे. उसाचं बिल वर्षानं येई, तेही आजोबांच्या नावावर. वह्या, औषधं, माहेरवाशिणीचं लुगडं दुधावरच निघालं. सहकाराचं हे ऋण नाकारणं कोतेपणाचं होईल.

आता गोठा वहिनीकडे आहे. म्हशीच्या जागी संकरित गायी आल्या. पहाटे शेण काढायचं, कास धुवायची, धार काढून किटली संस्थेत पोचवायची, मग वैरण कापायची. संध्याकाळी पुन्हा तेच. दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातले घन घटक), पॉइंट कमी लागला की पैसे तुटतात. त्यातून दूध पावडरचा बाजार पडला की दर उतरतो, पेंडीचं पोतं काही उतरत नाही. जुलै 2018 मध्ये याच दरासाठी रस्त्यावर दूध ओतलं गेलं. 2024 मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचीही नोंद लागली. गाय आटली की व्यायपर्यंत दावणीला नुसता खर्च. "शेण तेवढं आपलं," असं गावात हसत हसत म्हणतात, आणि शेणखताची ट्रॉली विकून खरोखरच पोरांची फी भरतात.

वहिनीच्या वहीत पेंड, कडबा, डॉक्टर, रेतन असे रकाने आहेत. तिच्या स्वतःच्या कामाचा रकाना नाही. दर ठरवायला बसणाऱ्यांनी निदान एवढं करावं : गावात भांगलणीला जाणाऱ्या बाईला जो रोज मिळतो, त्या हिशेबाने गोठ्यातल्या बाईचे तास उत्पादनखर्चात धरावेत. मग कोणता दर परवडतो ते बोलू.