भाषेचा उंबरठा आणि गावचे ग्रंथालय

धाराशिव जिल्ह्यातील शिक्षणाचा इतिहास हा एका अर्थाने भाषेच्या उंबरठ्याचा इतिहास आहे. निजामी राजवटीत हा उंबरठा उर्दूचा होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला विषयाआधी भाषाच शिकावी लागे. अशा काळात याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. मराठवाड्यातील मराठी वाचनालयांनीही मायबोलीचा दिवा तेवत ठेवला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि मराठीतून शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिला. परंतु तोवर दुसरा उंबरठा समोर उभा होता, तो इंग्रजीचा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला हुशार विद्यार्थी विज्ञान शाखेत गेला की इंग्रजी पुस्तकापुढे गोंधळून जाई. सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तरी विषमता सरली नाही. शहरातील मुलाला शिकवणी आणि घरची पुस्तके लाभतात. वस्तीवरील मुलाला पाठ्यपुस्तकापलीकडे इंग्रजी क्वचितच भेटते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलांची तर शाळाच मध्येच सुटते. २०१८ साली केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत हा जिल्हा होता, हे विसरता येत नाही.

येथे ग्रंथालयाचे कार्य सुरू होते. मराठीत समजलेली गोष्ट इंग्रजीत वाचताना मुलाला परकी वाटत नाही. म्हणून सोप्याकडून कठीणाकडे जाणारी द्विभाषिक पुस्तके बालविभागात हवीत. २००४ साली स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर अनेक भाषांतील बालकथा विनामूल्य खुल्या केल्या आहेत. त्या छापूनही घेता येतात. एक खोली, एक कपाट आणि सायंकाळी मुलांना मोठ्याने वाचून दाखविणारी एक व्यक्ती, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. परगावी जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत दोन पुस्तके देता आली, तर वाचनात खंड पडणार नाही.

पुस्तकाचे मोल एकदाच द्यावे लागते. त्याचा लाभ मात्र एकामागून एक अनेक मुले घेतात. ज्ञानदानाचा याहून चोख व्यवहार दुसरा नाही. पहिला उंबरठा ओलांडताना समाज मुलांच्या पाठीशी उभा राहिला; दुसरा ओलांडतानाही त्याने तसेच उभे राहावे.