एका सामन्याचा पिचर

ज्यांचीं नांवें खेळाच्या इतिहासांत ठळक अक्षरांत छापलीं जातात, त्यांच्याविषयीं बोलणारे पुष्कळ असतात. आज मी आपल्यापुढें ज्याची आठवण काढणार आहें, त्याच्या नांवावर अमेरिकेच्या मेजर लीगमध्यें एकच सामना आहे. तोही पुरता नव्हे. त्या सामन्यांत त्याच्या संघाचा दारुण पराभव झाला होता. तरी बर्ट शेपर्ड या माणसाची हकीकत ऐकण्याजोगी आहे, असें मला वाटतें.

आपल्याकडे बेसबॉलचा परिचय बेताचाच, म्हणून आधीं खेळाविषयीं दोन शब्द. बेसबॉलमध्यें चेंडू टाकणाराला पिचर म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाजासारखा तो धांवत येत नाहीं. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून, एका पायानें रेटा देऊन व दुसऱ्या पायावर अंगाचा सारा भार झोंकून तो चेंडू फेंकतो. षटक संपलें म्हणून त्याला उसंत मिळत नाहीं. व्यवस्थापक बदलीपर्यंत प्रत्येक चेंडू त्यानेंच टाकावयाचा. फलंदाजानें चेंडू हलकेच पुढ्यांत ढकलला, तर धांवत जाऊन तो उचलणें हेंही बहुधा त्याचेंच काम. डावखुरा पिचर डाव्या पायानें रेटा देतो आणि उजव्या पायावर उतरतो. शेपर्ड डावखुरा होता. आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखालीं कृत्रिम होता.

शेपर्डचा जन्म १९२० सालीं इंडियाना संस्थानांतील डेना या लहान गांवीं झाला. युद्धापूर्वीं तो दुय्यम दर्जाच्या संघांतून खेळत असे. पिचर म्हणून त्याचें नांव फारसें कोणाला ठाऊक नव्हतें. पुढें तो लढाऊ वैमानिक झाला. २१ मे १९४४ रोजीं जर्मनीवर उड्डाण करीत असतां विमानविरोधी तोफांचा मारा त्याच्या पायाला लागला, आणि विमान एका शेतांत कोसळलें. संतापलेले शेतकरी त्याच्यावर चालून आले असतां लाडिस्लाउस लॉइडल नांवाच्या जर्मन हवाई दलांतील डॉक्टरानें त्याला त्यांच्या हातून सोडविलें व रुग्णालयांत पोंचविलें. शेपर्ड शुद्धीवर आला तेव्हां पाय कापलेला होता. आपल्याला कोणी वांचविलें, हें त्याला पुढें कित्येक वर्षें कळलें नाहीं.

बंदिवासांत डॉन एरी या कॅनडाच्या कैद्यानें मिळेल त्या सामानांतून त्याच्यासाठीं एक पाय तयार केला. त्या पायावर तोल सांवरीत शेपर्ड छावणींतच चेंडू फेंकण्याचा सराव करूं लागला. १९४५ च्या आरंभीं कैद्यांच्या अदलाबदलींत तो मायदेशीं परतला. युद्धखात्याचे उपसचिव रॉबर्ट पॅटर्सन यांनीं त्याला पुढें काय करण्याची इच्छा आहे असें विचारलें, तेव्हां बेसबॉल खेळावयाचा आहे, असें त्यानें सांगितलें. पॅटर्सननीं वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांच्याकडे शब्द टाकला. पुष्कळसे नामांकित खेळाडू अद्याप सैन्यांत होते. जागा रिकाम्या होत्या. शेपर्डला शिक्षक म्हणून आणि सरावाच्या वेळीं चेंडू टाकण्यासाठीं घेण्यांत आलें. वृत्तपत्रांतून त्याचीं छायाचित्रें झळकलीं, जखमी सैनिकांपुढें त्याचा दाखला ठेवण्यांत आला. परंतु त्याला दाखला व्हावयाचें नव्हतें; पिचर व्हावयाचें होतें. जुलैमध्यें ब्रुकलिन डॉजर्सविरुद्धच्या एका प्रदर्शनीय सामन्यांत त्यानें चार डाव टाकले, आणि आपण खेळूं शकतों हें दाखवून दिलें.

४ ऑगस्ट १९४५ रोजीं वॉशिंग्टनमध्यें बोस्टन रेड सॉक्सशीं एकाच दिवशीं दोन सामने होते. दुसऱ्या सामन्याच्या चौथ्या डावांत बोस्टननें बारा धांवा काढल्या. त्या डावांत जो क्लीअरी हा आयर्लंडमध्यें जन्मलेला पिचर आला. त्यानें एक गडी बाद केला आणि सात धांवा दिल्या. सामना हातचा गेलाच होता. तिन्ही बेसवर प्रतिपक्षाचे खेळाडू उभे असतां शेपर्डला बोलावणें आलें. समोर मेट्कोविच नांवाचा फलंदाज होता. शेपर्डनें त्याला तीन स्ट्राइकवर बाद करून डाव संपविला. नंतरचे पांचही डाव त्यानें एकट्यानें टाकले. सव्वापांच डावांहून किंचित् अधिक अशा त्या कामगिरींत बोस्टनला अवघे तीन फटके आणि एक धांव मिळाली. वॉशिंग्टन ४ विरुद्ध १५ असें हरलें.

क्लीअरीचाही मेजर लीगमधला तो एकुलता एक सामना ठरला. नऊ डावांमागें पिचरनें किती धांवा दिल्या, याचें एक मान बेसबॉलमध्यें काढतात. क्लीअरीचें तें मान १८९ भरतें, शेपर्डचें १.६९. एकाच दुपारीं, एकाच उंचवट्यावर, दोघांचा इतिहास लिहून संपला. क्लीअरीला पुन्हां संधी मिळाली नाहीं हें समजण्यासारखें आहे. पण शेपर्डला कां मिळूं नये?

याचें उत्तर गुणतक्त्यांत आहे. त्या वर्षीं वॉशिंग्टनचा संघ अजिंक्यपदासाठीं झुंजत होता आणि शेवटीं डेट्रॉइटच्या केवळ दीड सामना मागें राहिला. अशा चुरशींत एका पायाच्या पिचरवर भिस्त ठेवण्यास कोणी धजलें नाहीं. ऑगस्टच्या अखेरीस त्याला हवाई पराक्रमाचें मानचिन्ह देण्यांत आलें. चेंडू मात्र पुन्हां हातीं आला नाहीं. हरलेल्या सामन्यांत त्याला उभें केलें, कारण तेथें गमावण्यासारखें कांहीं नव्हतें. आणि जेथें गमावण्यासारखें होतें, तेथें त्याच्या सव्वापांच डावांची साक्ष कोणी काढली नाहीं. अपंग माणसाचें कौतुक करणें समाजाला सोपें जातें. त्याच्यावर काम सोंपविणें तितकें सोपें जात नाहीं.

शेपर्डनें त्याबद्दल आयुष्य कुढत घालविलें नाहीं. पायावर पुन्हां शस्त्रक्रिया सोसूनही तो कांहीं वर्षें दुय्यम संघांतून खेळला. पुढें तो एका विमान कारखान्यांत सुरक्षितता-अभियंता झाला, आणि अपंगांच्या राष्ट्रीय गोल्फ स्पर्धेंत दोनदां विजयी झाला. १९९३ सालीं, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, त्याची डॉक्टर लॉइडलशीं भेट झाली, आणि आपले प्राण वांचविणाराचे आभार त्याला समक्ष मानतां आले. २००८ सालीं त्याचें निधन झालें.

बेसबॉलच्या जाडजूड नोंदवहींत त्याच्या नांवापुढें एकच ओळ आहे. त्या ओळींत लांकडी पायाचा उल्लेख नाहीं, तुरुंगाचा नाहीं, विमानाचाही नाहीं. केवळ डाव, फटके, धांवा एवढेंच आहे. मला वाटतें, शेपर्डला नेमकी तशीच ओळ हवी होती.