वैरणीच्या वाटेने : हॅन्कॉकचा गोल गोठा

वास्तुकलेचा इतिहास म्हटला की देवळे, किल्ले, राजवाडे डोळ्यांपुढे येतात. गोठा सहसा येत नाही. शेतीच्या जुन्या इमारतींकडे अभ्यासकांचे लक्ष गेले तेही उशिराच. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकांनी सुरुवात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅन्कॉक येथील शेकरांच्या वसाहतीपासून करावी, असे मला मनापासून वाटते. तिथे शेती, श्रद्धा आणि बांधकाम एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाही.

शेकर हा ख्रिस्ती पंथ. ॲन ली आणि तिचे मोजके अनुयायी १७७४ साली इंग्लंडहून अमेरिकेत आले. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता आणि श्रमाला उपासनेचे मोल ही त्यांची जीवनरीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॅन्कॉकची वसाहत उभी राहिली आणि १८२६ मध्ये तिथे दगडी गोल गोठा बांधला गेला. एरवी शेकरांच्या इमारती साध्या चौकोनी असत. मग हा एकच गोठा गोल का?

त्याचे उत्तर हवे असेल, तर आधी भिंतींकडे पाहू नका. वैरणीच्या मागे चला. गोठा उतारावर बांधलेला आहे, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर थेट जमिनीवरून जाता येते. गवताने भरलेली गाडी वरच्या बाजूने आत शिरे, कडेच्या लाकडी सज्जावरून गोल फिरत गवत मधल्या भागात खाली टाकी आणि आली त्याच दाराने बाहेर पडे. गाडी मागे रेटण्याची वेळच येत नसे. ज्याने भरलेली बैलगाडी अरुंद जागेत मागे घेतली आहे, त्याला या सोयीची किंमत सांगायला नको. खालच्या मजल्यावर ५२ गाई मध्याकडे तोंड करून वर्तुळात बांधलेल्या असत. गवताची रास सगळ्यांच्या पुढ्यातच, त्यामुळे थोड्या माणसांनी मोठ्या खिल्लाराला चारा घालणे शक्य होई. शेण जमिनीतल्या झडपांतून तळघरात ढकलले जाई आणि तिथून गाडीने शेतात जाई. राशीच्या मधोमध लाकडी पट्ट्यांचा उभा झरोका होता. ओलसर गवत दडपून राहिले की आतून तापते, प्रसंगी पेटतेही. झरोक्यातून ती दमट हवा वर निघून जाई. मला या साऱ्या रचनेत हा झरोका सर्वांत विलक्षण वाटतो. तो दर्शनी नाही, पण बांधणाऱ्याला गवताचा स्वभाव किती नेमका ठाऊक होता, हे त्यातून कळते.

आगीने तरीही गाठलेच. १८६४ मध्ये आतले लाकूडकाम जळाले, दगडी भिंती उरल्या. गोठा पुन्हा उभारला गेला आणि पुढे काही वर्षांनी त्यावर खिडक्यांचा लाकडी मनोरा चढला. म्हणून आज दिसणारे छप्पर १८२६ चे समजू नये. जतन केलेल्या वास्तूत कोणता भाग कोणत्या काळचा, हे विचारण्याची सवय वाचकांनी इथेच लावून घ्यावी.

१९६० मध्ये वसाहत बंद झाली आणि तिचे संग्रहालय झाले. १९६० च्या दशकातच गोठ्याची मोठी दुरुस्ती करण्यात आली. गोठा समजला की मग १८३० च्या विटांच्या निवासाकडे वळा. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी तिथे दारे वेगळी, जिने वेगळे. गोठ्यात वैरणीची वाट पाहिलीत, तशी इथे माणसांची वाट पाहा.