रिकाम्या खाटेचा हिशेब

आजीचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. साखरेचा आजार, टाचेला भेग, भेगेत माती. आणि अकलूजच्या उसाच्या रानात अनवाणी फिरायची तिची जुनी सवय. शस्त्रक्रिया चांगली झाली. कुठल्याशा रजिस्टरात ती यशस्वी म्हणून चढली असणार. आधीच्या दोन वर्षांत तिच्या तळपायाकडे कुणी पाहिलं नाही, हे लिहायला मात्र कुठं रकाना नसतो.

रुग्णालयाला पैसे प्रक्रियेचे द्यावेत की रुग्ण बरा राहण्याचे, हा प्रश्न 2006 साली मायकेल पोर्टर आणि एलिझाबेथ टाइसबर्ग यांनी अमेरिकेत पुस्तक लिहून मांडला. ‘मूल्याधारित सेवा’ हे त्याचं भारदस्त नाव. आमच्याकडे चाक उलटं फिरलं. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, 971 प्रक्रिया, प्रत्येकीचा दर ठरलेला. 2017 साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. हृदयाची शस्त्रक्रिया ज्यांना स्वप्नातही परवडली नसती त्यांची ती झाली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं. पण दरपत्रकात जे आहे तेच वाढतं. दर मोजण्याचा असा परिणाम आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगला ठाऊक आहे: बंद केलेली तिकिटं मोजली की तिकिटं बंद होतात, बिघाड तसाच राहतो.

याचं भयंकर टोक आमच्या फडातच दिसतं. बीडहून तोडीला येणाऱ्या बायकांची पाहणी 2019 साली सरकारी समितीसमोर आली, तेव्हा सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांतल्या. वरच्या योजनेवर त्याचं खापर फोडता येणार नाही. पण अंगावरून पाणी जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला साधं औषध देण्यात कमाई ती किती?

उलट उदाहरण लांब नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात, जामखेडला, 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी रुग्णालय बांधलं, पण कामाची सुरुवात गावातल्या बाईपासून केली. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, पिण्याचं पाणी हे त्या बघायच्या; अडलं तर फिरतं पथक, त्यापुढचं रुग्णालयात. तिन्ही कड्या एकाच साखळीच्या. 1971 साली तिथं हजार जन्मांमागं 176 बालमृत्यू होते, दोन दशकांत ते विशीच्या आसपास आले. आता या रुग्णालयाची ‘कामगिरी’ कशी मोजायची? जुलाबानं सुकलेली पोरं येईनाशी झाली, म्हणजे खाटा रिकाम्या. सरकारी आढाव्यात रिकामी खाट म्हणजे कामचुकारपणा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात-मृत्यू 62 टक्क्यांनी घटवले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ‘आशा’ गावोगाव नेमल्या गेल्या. जामखेडकडून सरकारनं बाई उचलली, साखळी उचलली नाही, असं माझं मत. शिवाय तिलाही दरपत्रक लावलं: दवाखान्यातल्या बाळंतपणाचे इतके, लसीकरणाचे इतके.

आईचीही साखर आता वाढली आहे. मागच्या दिवाळीला घरी गेलो तर गल्लीतली आशाताई ओट्यावर बसून तिचे तळवे उलटसुलट करून बघत होती. कुठं ठणकतं, कुठं मुंग्या येतात, विचारत होती. या कामाचे किती मिळतात म्हणून मी सहज विचारलं.

‘‘नुसतं बघायचे कुठं मिळत्यात?’’ म्हणाली, आणि दुसरा पाय हातात घेतला.